वळणावर मुका होणारा हॉर्न
(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या मोटारीत हॉर्नखेरीज सर्व काही वाजते, ही थट्टा फार जुनी आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने ती ऐकलेली असते, आणि बहुतेकांनी ती हसून सोडूनही दिलेली असते. मीही तेच करीत आलो. परंतु एका पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात ही थट्टा माझ्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली, आणि त्या वेळी मला हसू आले नाही. त्या प्रसंगामुळे मला मोटारीच्या एका उपेक्षित अवयवाचा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात जे हाती आले, ते आज मला दिलेल्या पंधरा मिनिटांत आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझ्यापाशी एक जुनी अँबॅसडर गाडी आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. माझी गाडी साठीच्या दशकातली आहे आणि मी तिचा तिसरा मालक. आधीच्या एका मालकाने तिचे मूळचे स्टेअरिंगचे चाक काढून दुसरे बसविले होते. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचे महत्त्व कळण्यास बराच काळ जावा लागला.

जुलै महिना होता. बेळगावहून सावंतवाडीस निघालो होतो. आंबोली मागे पडली आणि उतार लागला तसे धुके इतके दाट झाले की बोनेटच्या टोकापलीकडचे दिसेना. पाऊस होताच. एका डाव्या वळणावर कड्याचा एक सुळका रस्त्यावर पुढे आलेला होता आणि त्याच्या आड काय आहे ते कळावयास मार्ग नव्हता. अशा ठिकाणी जे करावयाचे तेच मी केले. वेग कमी केला, चाक डावीकडे वळविले आणि हॉर्नचे बटण दाबले. आवाज आला नाही. पुन्हा दाबले. पुन्हा शांतता. तेवढ्यात धुक्यातून म्हशींची काळी पाठ एकदम समोर आली. ब्रेकवर सर्व भार टाकला. ओल्या रस्त्यावर गाडी थोडी घसरली आणि पहिल्या म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशींच्या मागून डोक्यावर इरले घेतलेली एक वृद्ध बाई आली. तिने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे बाबा, एवढी मोठी गाडी, आणि तिला तोंड नाही होय रे?"

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न अधिक लागला. म्हशींच्या जागी ती स्वतः पुढे चालत असती तर काय झाले असते, हा विचार पुढचा सगळा घाट उतरेपर्यंत माझ्या मनातून गेला नाही. आणि खरा चमत्कार पुढेच आहे. वळण संपून सरळ रस्ता लागला, तेव्हा सहज म्हणून मी बटण दाबले, तो हॉर्न खणखणीत वाजला!

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी बटण दाबले. हॉर्न वाजला. चार वेळा दाबले, चारही वेळा वाजला. "साहेब, हा तर चांगला वाजतो आहे," ते म्हणाले. मी घाटातली हकीकत सांगितली. तेव्हा त्यांनी उदार मनाने उपाय सुचविला, की जुना हॉर्न काढून नवा बसवू या, म्हणजे शंकाच नको. मी पैसे मोजले आणि नवा हॉर्न बसविला. आठ दिवसांनी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवीत असता तो नवा हॉर्न जुन्याइतकाच मुका झाला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ती गत झाली होती. दोष त्या मिस्त्रींना देत नाही. उभ्या गाडीचे चाक सरळ असताना रोग दिसतच नव्हता, आणि जो रोग दिसत नाही त्यावर अंदाजाने औषध देण्याचा मोह कोणास होत नाही?

त्या दिवशी मी ठरविले की यापुढे काहीही बदलावयाचे नाही. आधी शोधावयाचे.

शोध घेण्यापूर्वी हॉर्न म्हणजे काय हे समजून घेणे अवश्य आहे. वाहनाने आपल्या येण्याची सूचना द्यावी, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडात १८६५ च्या कायद्यान्वये रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीपुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे लागे. १८९६ साली नवा कायदा होऊन हलक्या मोटारींची त्या बंधनातून सुटका झाली, परंतु त्याच कायद्याने गाडीवर घंटा अथवा पुरेशी सूचना देणारे दुसरे साधन ठेवण्याची अट घातली. म्हणजे निशाण घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाचे काम आवाजाकडे आले. पुढे रबरी फुग्याचे पितळी भोंगे आले. नंतर १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीझ हचिसन नावाच्या संशोधकाचा क्लॅक्सन हा विजेचा कर्कश हॉर्न बाजारात आला. गमतीची गोष्ट अशी, की ह्याच हचिसनने त्याआधी बहिऱ्या माणसांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते. एकाच माणसाने कानांना मदतही दिली आणि त्रासही दिला!

आपल्या जुन्या गाड्यांत जो हॉर्न असतो, त्याची रचना क्लॅक्सनहून साधी आहे. घराच्या दारावरची जुन्या पद्धतीची विजेची घंटा ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. हॉर्नच्या डबीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, म्हणजे कॉइल असते. समोर पोलादाचा पातळ पडदा ताणून बसविलेला असतो आणि त्याच्या मध्यभागी लोखंडाचा तुकडा जोडलेला असतो. वीज वाहू लागली की कॉइलचे लोहचुंबक बनते आणि पडद्यास आत ओढते. पडदा आत आला की तो स्वतःच दोन लहान पॉइंट एकमेकांपासून दूर करतो. वीज तुटते, चुंबकत्व जाते, पडदा आपल्या ताणाने परत फिरतो, पॉइंट पुन्हा जुळतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. सेकंदाला सुमारे तीनशे ते पाचशे वेळा हा खेळ चालतो आणि आपणास तो एकसंध आवाज म्हणून ऐकू येतो.

ह्या रचनेवरून पहिले निदान केवळ कानांनी करता येते. बटण दाबल्यावर हॉर्नमधून "टक्" असा एकच आवाज येऊन थांबत असेल, तर वीज हॉर्नपर्यंत पोहोचत आहे. पडदा आत ओढला जातो, पण पॉइंट सुटत नाहीत, अथवा वीज पोहोचते ती अपुरी आहे. घोगरा, बसलेल्या घशासारखा आवाज येत असेल, तर पॉइंट झिजले असावेत, पडद्यावर गंज चढला असावा किंवा वाटेत कोठेतरी विजेची गळती होत असावी. मुळीच काही ऐकू येत नसेल, "टक्"देखील नसेल, तर बहुधा वीज हॉर्नमधून वाहतच नाही. मी हे घाटातच ऐकले असते तर एक हॉर्न विकत घेण्याचे वाचलो असतो. परंतु भीतीच्या क्षणी कोण कान देऊन ऐकतो?

आता विजेचा मार्ग पाहू. बॅटरीपासून वीज फ्यूजकडे जाते. फ्यूजपासून एक तार हॉर्नच्या एका टोकास येते. ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ गाड्यांत हा मार्ग चावीवर अवलंबून नसतो, म्हणजे हॉर्नच्या ह्या टोकाशी वीज सदैव उभी असते. हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली तार स्टेअरिंगच्या दांड्याकडे जाते आणि तेथून बटणापर्यंत पोहोचते. बटण दाबले की ही दुसरी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्यास टेकते. सांगाडा बॅटरीच्या दुसऱ्या टोकास जोडलेला असतोच, आणि वर्तुळ पूर्ण होते. सांगाड्यास टेकण्याच्या ह्या क्रियेस आपले मेकॅनिक "अर्थ मिळणे" असे म्हणतात. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की बटण हे वीज पाठवीत नाही. ते केवळ परतीची वाट मोकळी करते.

ही एक गोष्ट समजली की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. एखाद्या रात्री, विशेषतः पावसात, उभी गाडी आपणहून हॉर्न वाजवू लागते आणि सारी आळी जागी होते. त्याचे कारण बहुधा असे असते की हॉर्नपासून बटणाकडे जाणाऱ्या तारेचे आवरण घासून गेले आहे आणि उघडी तार कोठेतरी लोखंडास टेकली आहे. फ्यूज जळत नाही, कारण वीज नेहमीप्रमाणे हॉर्नमधूनच जात असते. अशा वेळी घाबरून इकडेतिकडे हात घालू नये. बोनेट उघडून हॉर्नवरची तार उपसावी आणि सकाळी शांतपणे शोध घ्यावा. उलट, फ्यूज पुनःपुन्हा जळत असेल तर दोष फ्यूज आणि हॉर्न यांच्यामधल्या तारेत अथवा हॉर्नच्या पोटात आहे, असे समजावे. तेथे मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून वेळ मारून नेणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय.

एका रविवारी सकाळी मी कामास लागलो. मदतीस माझा भाचा होता. साधने अगदी साधी होती. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा, एकवीस वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, टोकांना चिमटे लावलेल्या दोन तारा, एक स्क्रूड्रायव्हर आणि बारीक पॉलिश पेपर. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवले, कारण पाना किंवा अंगठी बॅटरीच्या दोन टोकांत सापडली तर भाजल्याशिवाय राहत नाही.

बल्ब मोठा का घेतला, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण चांगले चांगले लोक येथे फसतात. मीटर लावून पाहिला तर तो बारा व्होल्ट दाखवितो आणि आपण समजतो की तार ठीक आहे. परंतु मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाही. दहा धाग्यांच्या तारेतले नऊ धागे तुटून एकच शिल्लक असला, किंवा जोडावर कीट चढलेले असले, तरी मीटरपुरती वीज त्यातून सहज जाते. हॉर्नला मात्र तीन-चार अँपिअर लागतात. हिशेबाकरिता हॉर्नचा विरोध तीन ओहम धरा. बारा व्होल्टवर चार अँपिअर वाहतील. आता वाटेत एका किटलेल्या जोडाने एकच ओहमचा अडथळा घातला, तर प्रवाह तीन अँपिअरवर येतो आणि हॉर्नच्या वाट्यास नऊच व्होल्ट येतात. तेवढ्यावर हॉर्न घोगरा होतो किंवा गप्प बसतो. मीटर मात्र बटण न दाबता पाहिला तर बारा व्होल्टच सांगत राहतो. एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणून वाटेतली अडचण त्याच्या उजेडात दिसते. तो मंद झाला की समजावे, वाट अरुंद आहे. मीटरच वापरावयाचा असेल तर हॉर्न वाजत असताना वापरावा.

पहिली परीक्षा हॉर्नची. त्याच्या दोन्ही तारा काढल्या आणि दोन जाड तारांनी तो थेट बॅटरीस जोडला. हॉर्न उत्तम वाजला. मग अडगळीतला जुना हॉर्न आणून तोही तसाच जोडला, तो तोही तितकाच उत्तम वाजला! निरपराध माणसास घालवून दिल्यावर वाटावे तसे मला वाटले. ह्या परीक्षेत बॅटरीचे कोणते टोक कोठे लावावे याची चिंता करण्याचे कारण नाही. जुन्या इंग्लिश गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडण्याची रीत होती, नव्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. पण हा हॉर्न केवळ लोहचुंबकावर चालतो आणि त्यास दोन्ही सारखेच.

दुसरी परीक्षा येणाऱ्या विजेची. फ्यूजकडून आलेली तार आणि सांगाडा यांच्यामध्ये बल्ब लावला. बल्ब स्वच्छ पेटला. म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि येथपर्यंतची तार निर्दोष. हा बल्ब पेटला नसता तर फ्यूजच्या दोन्ही बाजूंस पाहावे लागले असते. जुन्या फ्यूजपेटीत फ्यूज शाबूत असूनही त्याला धरणाऱ्या चिमट्यांवर कीट चढून वीज अडते, हे ध्यानात असू द्यावे.

अशा रीतीने अर्धा मार्ग निकालात निघाला. दोष शोधण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. मार्ग मधोमध तोडावा, कोणता अर्धा भाग निर्दोष आहे ते ठरवावे आणि त्याकडे पुन्हा पाहू नये. चार परीक्षांत रोग अगदी लहान जागेत कोंडता येतो.

तिसरी परीक्षा परतीच्या वाटेची. हॉर्नच्या जागी मी बल्बच जोडून टाकला. एक चिमटा येणाऱ्या तारेस, दुसरा बटणाकडे जाणाऱ्या तारेस. ह्या युक्तीचा दुहेरी लाभ आहे. एक तर रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या कानांना त्रास होत नाही, आणि दुसरे म्हणजे जे कानाला "वाजला" किंवा "नाही वाजला" एवढेच कळते, ते डोळ्यांना पायरीपायरीने दिसते. पुढची चाके जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे दिले, म्हणजे स्टेअरिंग हलके फिरावे. भाच्यास आत बसविले आणि बटण दाबून धरून चाक अगदी सावकाश फिरविण्यास सांगितले. मी बल्बाकडे पाहत उभा राहिलो.

चाक सरळ होते तोवर बल्ब लख्ख होता. उजवीकडे पूर्ण फिरविले. किंचित मंद झाला, पण पेटलेला राहिला. मग भाचा डावीकडे फिरवू लागला. पाव फेरा झाला, आणि बल्ब थरथरला, तांबडा झाला आणि विझला. चाक थोडे मागे आणताच पुन्हा पेटला. "मामा, सापडला!" भाचा आतून ओरडला. घाटातले ते वळण आमच्या अंगणात आले होते.

फिरणाऱ्या चाकावरील बटणापर्यंत वीज न्यावयाची कशी, हा मोटार बनविणाऱ्यांपुढील एक जुना प्रश्न आहे. साधी तार न्यावी तर चाक फिरताना ती पिळून तुटेल. काही गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्याच्या आत एक स्थिर नळी ठेवून तीतून तारा वर नेतात. काहींत चाकाच्या तळाशी पितळेची एक वाटोळी कडी असते, ती चाकाबरोबर फिरते, आणि दांड्यावर स्थिर असलेली एक लवचिक पत्ती तिच्यावर सतत टेकून घासत राहते. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने जे चाक बसविले होते ते ह्या दुसऱ्या जातीचे होते.

बॅटरीची तार काढून मगच चाक उतरविले. ही खबरदारी कधीही चुकवू नये. उतरविण्यापूर्वी चाक आणि दांडा यांवर खडूने एक खूण केली, म्हणजे परत बसविताना ते तिरपे बसावयाचे नाही. आत जे दिसले ते असे. कडीला धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक सैल झाला होता, त्यामुळे कडी एका बाजूने किंचित उचलली जाऊन तिरकी बसली होती. पत्ती जुनी होती आणि तिचा ताण कमी झाला होता. शिवाय कडीवर वाळलेल्या ग्रीसचा काळा थर आणि त्यावर हिरवट कळंक चढला होता. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत गाडीतल्या पितळेचेही काहीसे तसेच होते.

ह्या तीन कारणांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नव्हते. कडी तिरकी असली तरी ताठ पत्तीने तिला गाठले असते. पत्ती थकलेली असली तरी स्वच्छ पितळेवर तिचा ओझरता स्पर्शही पुरला असता, आणि उन्हाळाभर तो पुरलाही होता. पाऊस आला, कळंक चढला आणि तिन्ही उणिवा एका ठिकाणी मिळाल्या. ते ठिकाण नेमके डावीकडच्या पाव फेऱ्यावर होते. आपण रोजच्या व्यवहारात हॉर्न बहुधा सरळ रस्त्यावर वाजवितो, म्हणून हा दोष कित्येक महिने लपून राहिला. ज्या जागी हॉर्नची खरी गरज, नेमक्या त्याच जागी तो मुका!

दुरुस्तीस अर्धा तास पुरला. स्क्रू घट्ट केला. कडी पॉलिश पेपरने घासून सोन्यासारखी केली. पत्ती हलक्या हाताने वाकवून तिचा ताण वाढविला. कडीवर ग्रीसचा अगदी पुसट हात फिरविला, कारण ग्रीस थापले तर तेच पुढे वाळून अडथळा होते. सारे परत बसवून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरविले. बल्ब कोठेही डगमगला नाही. मग बल्ब काढून तेथे माझा जुना हॉर्न पुन्हा बसविला, नवा नव्हे. त्याचा आवाज थोडा चिरका होता, तेव्हा त्याच्या पाठीवरील स्क्रूची जुळणी केली. हा स्क्रू आवाजाची उंची बदलण्यासाठी नसतो. तो झिजलेल्या पॉइंटांचे अंतर ठीक करण्यासाठी असतो. हॉर्न नुकताच बंद पडेल इतपत तो एका दिशेने फिरवावा आणि मग उलट दिशेने साधारण पाव फेरा आणावा. एका वेळी थोडेच फिरवावे आणि हॉर्न फार वेळ सलग वाजवू नये, नाहीतर कॉइल तापते. एवढ्यावर त्याचा घसा मोकळा झाला. सारा खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा!

श्रोतेहो, ज्यांच्यापाशी जुनी गाडी आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. घाटाला निघण्यापूर्वी आपण तेल पाहतो, पाणी पाहतो, चाकांतली हवा पाहतो. हॉर्न पाहतो तो अंगणात, चाक सरळ असताना, एकदा दाबून. तसे न करता मोकळ्या जागी गाडी अगदी सावकाश चालवावी, चाक डाव्या टोकापर्यंत फिरवून बटण दाबावे आणि उजव्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा दाबावे. दोन मिनिटांचे काम आहे. आणि कधी हॉर्न चुकला, तर नंतर तो वाजला एवढ्यावर समाधान मानू नये. जो दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, तो बरा झालेला नसतो. तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो हे आधी लिहून काढावे. चाक कोठे होते, पाऊस होता का, दिवे चालू होते का, गाडी खडबडीत रस्त्यावर होती का. मिस्त्रींकडे जाताना ही टिपणे बरोबर न्यावी. त्यांच्या हाताला आपल्या डोळ्यांची जोड मिळाली तर एक नवा हॉर्न विकत घेणे वाचते.

आता शेवटचा मुद्दा. हॉर्न दुरुस्त झाला म्हणजे तो सतत वाजवावा असे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रत्येक मोटारीस हॉर्न आवश्यक ठरविला आहे, आणि त्याच नियमांनी एकापाठोपाठ निरनिराळे सूर काढणारे हॉर्न निषिद्धही केले आहेत. त्यातला आशय उघड आहे. हॉर्न हे दुसऱ्यास सावध करण्याचे साधन आहे. त्यास दरडावण्याचे नव्हे. शहरातल्या चौकात पुढची गाडी हलत नाही म्हणून बटणावर हात दाबून बसणारा मनुष्य आणि घाटातल्या आंधळ्या वळणावर एकदा, स्पष्टपणे सूचना देणारा मनुष्य, यांच्या हातात यंत्र एकच असते. पहिला स्वतःची घाई जगास ऐकवितो. दुसरा, जो अद्याप दिसलेला नाही अशा माणसाचा विचार करतो.

श्रावण उलटल्यावर मी पुन्हा आंबोलीचा घाट उतरलो. धुके विरळ होते. त्याच सुळक्यापाशी आलो, वेग कमी केला, चाक डावीकडे वळविले आणि बटण दाबले. आवाज कड्यावर आदळून परत आला. वळणापलीकडे कोणी नव्हते. रस्ता मोकळा होता. ती बाई मला पुन्हा भेटली नाही. भेटती, तर मी तिला सांगितले असते की आजी, गाडीला तोंड होते, पण तिचे बोलणे वळणावर अडत होते आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. चूक गाडीची नव्हती, माझी होती.